मोठ्याने की मनातल्या मनात? एका मराठी मंडळीतल्या प्रार्थनेच्या वादाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही मंडळी, म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेला जमणारा ख्रिस्ती समाज, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. गावाचे नाव दिलेले नाही आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. त्यानंतर आसपासच्या गावांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या वळणाची ही एक. दगडी भिंती, वर पत्रा, डावीकडच्या बाकांवर बाया, उजवीकडे पुरुष, पुढे पेटी आणि तबला. रविवारी एकशेवीस ते एकशेचाळीस माणसे येतात. निवृत्त शिक्षक, परिचारिका, शेतमजूर आणि एमआयडीसीत कामाला जाणारी तरुण मुले अशी मिसळ आहे.

मिशनच्या काळात या मंडळ्यांत पाळक (चर्चचे धर्मगुरू) आपल्या शब्दांत प्रार्थना करत आणि बाकीचे डोळे मिटून ऐकत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्यांची एकी होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात छापील प्रार्थनेच्या परंपरेतले अँग्लिकन होते, तसे छापील प्रार्थना न मानणारेही होते. एकीनंतर इथेही उपासनाक्रमाचे पुस्तक आले आणि पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली देणारी प्रार्थना, सर्वांनी मिळून वाचायची पद्धत पडली. तेव्हा म्हातारी माणसे म्हणाली होती, ‘वाचलेली प्रार्थना ही काही प्रार्थना नव्हे.’ ही आठवण पुढे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत एका निवृत्त गुरुजींनीच सांगितली. आज आपण जिला ‘आपली जुनी पद्धत’ म्हणतो, तीही एकेकाळी नवी आणि नकोशी होती, हे त्यांच्या तोंडून आल्याने बरेच काम झाले.

समस्या

तरुण संघातली आठ-दहा मुले पुण्यात एका प्रार्थना संमेलनाला जाऊन आली. तिथे सर्वजण एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करत होते. परत आल्यावर महिन्यातल्या एका रविवारची मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागण्याची, प्रार्थना तरुण संघाकडे द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. पाळकसाहेबांनी होकार दिला, पण ती कशी घ्यायची हे कोणीच ठरवले नाही.

पहिल्याच रविवारी पुढे उभ्या मुलाने सांगितले, “आता सर्वांनी हात वर करून मोठ्याने प्रार्थना करू या.” कीबोर्ड सुरू झाला आणि माईक त्याच्या तोंडाशीच राहिला. शंभर माणसांच्या आवाजावर त्याचा एकट्याचा आवाज दोन स्पीकरांतून घुमू लागला. पत्र्याखाली आवाज विरत नाही, परत खाली येतो. लोकांना स्वतःचे शब्द ऐकू येईनात, म्हणून ते आणखी मोठ्याने बोलू लागले. तसा मुलानेही आवाज चढवला. थांबायचे कधी हे ठरलेले नसल्याने प्रार्थना नऊ मिनिटे चालली आणि शेवटी दोनतीन जणांचेच आवाज उरल्यावर आपोआप विझली.

पुढच्या तीन महिन्यांत जे घडले ते असे. लहान मुले दचकून रडू लागली. श्रवणयंत्र लावणाऱ्या दोन आजी ते काढून हातात धरून बसत आणि मग पुढचा उपदेशही त्यांना ऐकू येत नसे. अडखळत बोलणारा एक तरुण त्या रविवारी यायचा बंद झाला, कारण शेजारचा त्याला ‘तोंड उघड, भाऊ, लाजू नकोस’ म्हणून कोपराने ढोसत असे. पाचसहा वडीलधारे प्रार्थना सुरू झाली की उठून बाहेर निंबाखाली जाऊन उभे राहू लागले.

सर्वांत मोठे नुकसान वेगळेच झाले. एका बाईने गोंगाटात आपले कुणी ऐकत नाही असे समजून नवऱ्याच्या दारूबद्दल आणि घरातल्या मारहाणीबद्दल रडत प्रार्थना केली. शेजारच्या बाकावर ते ऐकू गेले. मंगळवारपर्यंत गल्लीत चर्चा पोहोचली आणि तिच्या घरी पुन्हा भांडण झाले. ती दोन महिने उपासनेला आली नाही.

पहिला निर्णय आणि तो का फसला

बाहेर उभे राहणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा पाळकसाहेबांनी उपदेशानंतर व्यासपीठावरूनच जाहीर केले की यापुढे मोठ्याने एकत्र प्रार्थना होणार नाही, सर्वांनी शांतपणे प्रार्थना करावी.

ही चूक होती, आणि तीन कारणांनी होती. एकतर तरुण संघाच्या प्रमुखाला हे आधी सांगितले नव्हते. त्याला सर्वांबरोबरच, बाकावर बसून कळले. दुसरे, शांत प्रार्थना कशी करायची हेही सांगितले नाही. पुढच्या रविवारी ‘आता मौनाने प्रार्थना करू या’ म्हणून पाळकसाहेब थांबले. पंधरा-वीस सेकंदांत खोकला, बाकांची करकर आणि चपलांची खसखस सुरू झाली, आणि त्यांनी घाईने प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) धरली. लोकांच्या लेखी ते मौन म्हणजे नुसता खंड होता. तिसरे कारण अधिक खोलवरचे होते. बंदीमुळे मोठ्याने प्रार्थना करणारे आपसूक ‘बेशिस्त’ ठरले आणि गप्प राहणारे ‘भक्तिमान’. मग उलट बाजूही तयार झाली, गप्प राहणारे ‘थंड’ ठरले.

दोन आठवड्यांत पंधरा-सोळा तरुण शुक्रवारी संध्याकाळी एका घरी वेगळे जमू लागले. तिथे पाळक नव्हते, वडीलधारे नव्हते आणि वेळेचे बंधनही नव्हते. रात्री साडेदहाला शेजाऱ्यांनी तक्रार केली. घरात स्पीकर लावलेला होता, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावण्यावर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले नाही, पण जाऊ शकले असते.

दोन्ही बाजू काय म्हणत होत्या

दोन्हीकडच्यांना शास्त्र पाठ होते, त्यामुळे वाद वचनांनीच झाला. एक आजोबा म्हणाले, “बाळा, देव बहिरा नाही. मोठ्याने ओरडा असं एलीयानं बआलाच्या संदेष्ट्यांना म्हटलं होतं, आपल्याला नाही.” तरुण संघाच्या प्रमुखाने उत्तर दिले, “आजोबा, बार्तीमयाला लोकांनी गप्प बस म्हटलं, तेव्हा तो आणखी मोठ्यानं ओरडला. आणि प्रभू थांबला.” दोन्ही दाखले बरोबर आहेत (बायबलमधले १ राजे १८ आणि मार्क १०), आणि म्हणूनच अशा देवाणघेवाणीतून काही निघत नाही.

वडीलधाऱ्यांचा मुख्य आधार मत्तय ६:६ होता, म्हणजे खोलीत जा, दार लाव आणि गुप्त असलेल्या पित्याची प्रार्थना कर. तरुणांचा आधार प्रेषितांची कृत्ये ४:२४ होता, जिथे विश्वासणारे एकचित्ताने आवाज उंच करून देवाला हाक मारतात. शिवाय ‘हे सगळं कोरियाहून आणि टीव्हीवरून आलंय’ अशी एक तक्रार होती. कोरियात सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करण्याला तोंगसोंग कीदो म्हणतात आणि १९०७ च्या प्याँगयांगच्या धार्मिक जागृतीशी ती पद्धत जोडली जाते, हे खरे आहे. पण त्याआधीच, जून १९०५ च्या अखेरीस, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आणि बाया एकाच वेळी मोठ्याने, रडत प्रार्थना करत होत्या. केडगाव पुणे जिल्ह्यातले, नगर जिल्ह्याच्या शेजारचे. हे पाळकसाहेबांनी सांगितले तेव्हा ‘परदेशी’ हा शब्द वादातून गेला.

त्यांनी पास्टोरेट कमिटी आणि तरुण संघ यांना एकत्र बसवून तीन शनिवार शास्त्राभ्यास घेतला. बंदी घालण्याआधी करायचे काम त्यांनी बंदी फसल्यावर केले, पण मनापासून केले. त्यातून चार गोष्टी पुढे आल्या.

मत्तय ६ मध्ये प्रभू मोठा आवाज नाकारत नाही, लोकांनी पाहावे म्हणून केलेली प्रार्थना नाकारतो. आणि तीनच वचनांनंतर तो जी प्रार्थना शिकवतो ती ‘आमच्या’ पित्याला आहे, एकट्याच्या नाही. प्रेषितांच्या चौथ्या अध्यायात आवाज उंच होता खरा, पण पुढे दिलेली प्रार्थना एकच आहे आणि तिचा विषयही एकच आहे, म्हणजे धमक्यांपुढे धैर्य. हन्ना मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करत होती, फक्त ओठ हलत होते, आणि एली याजकाने तिला दारू प्यालेली समजले (१ शमुवेल १). हा भाग वाचताना खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. बाहेरून पाहून दुसऱ्याच्या प्रार्थनेचा निवाडा करण्यात याजकसुद्धा चुकतो, आणि आपण सगळेच तीन महिने तेच करत होतो, हे न सांगता कळले.

चौथी गोष्ट सर्वांत उपयोगी ठरली. १ करिंथ १४:१६ मध्ये पौल विचारतो की तुझे बोलणे ज्याला कळत नाही तो ‘आमेन’ कसे म्हणेल? याच वचनाच्या आधारे पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने ५६५ साली बिशप आणि याजकांना उपासनेतल्या प्रार्थना लोकांना ऐकू येतील अशा म्हणण्याची आज्ञा दिली होती, कारण त्या पुटपुटण्याची सवय पडली होती. उलट १५६२ मध्ये रोमन कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने याजकाने काही भाग हळू आवाजात म्हणण्याच्या प्रथेची पाठराखण केली. म्हणजे मंडळीत आवाज किती असावा हा प्रश्न कीबोर्ड येण्याच्या फार आधीपासूनचा आहे, आणि त्याचा दोरा ‘आमेन’ला बांधलेला आहे.

मोजणी

वाद मतांवर चालला होता, म्हणून कमिटीच्या सेक्रेटरीने दोन रविवार घड्याळ लावून नोंद केली. बंदीनंतरचे, ‘जुन्या पद्धतीचे’ रविवार. उपासना पंचाण्णव मिनिटांची. त्यातली प्रार्थना एकवीस मिनिटे. त्यात पाळकांचा किंवा एकाच नेत्याचा आवाज सतरा मिनिटांहून जास्त, पापांगीकार आणि प्रभूची प्रार्थना धरून मंडळीचा आवाज साडेतीन मिनिटांच्या आत, आणि खरे मौन जेमतेम वीस सेकंद.

हा आकडा वाचून दाखवल्यावर वडीलधाऱ्यांना धक्का बसला. ते ज्याला शांत प्रार्थना म्हणत होते ती शांत नव्हतीच. एक माणूस बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते. ऐकणे वाईट नाही, नीट ऐकून म्हटलेले ‘आमेन’ ही पूर्ण प्रार्थना असते. पण सात मिनिटांच्या प्रार्थनेत चौथ्या मिनिटाला मन शेतात आणि बाजारात जाते, हे त्यांनीच मान्य केले.

इथे प्रश्नाची मांडणी बदलली. ‘मोठ्याने की शांत’ या दोन नावांखाली प्रत्यक्षात चार वेगळ्या प्रार्थना होत्या. एकाने बोलायचे आणि सर्वांनी आमेन म्हणायचे. सर्वांनी एकच मजकूर मिळून म्हणायचा. सर्वांनी एकाच वेळी आपापल्या शब्दांत बोलायचे. आणि सर्वांनी खरोखर गप्प राहायचे. प्रत्येकीची जागा वेगळी आहे, आणि एकीचे काम दुसरीवर टाकले की बिघडते.

विचारात घेतलेले पर्याय

बंदी कायम ठेवणे हा पहिला पर्याय होता. शुक्रवारचा गट कायमचा वेगळा होईल हे उघड होते, म्हणून तो सोडला.

सकाळी शांत आणि संध्याकाळी मोठ्याने अशा दोन उपासना करण्याचा पर्याय खजिनदारांनी मांडला. मोठ्या शहरात ते जमते. इथे एकशेतीस माणसांचे दोन तुकडे झाले असते, आजोबा एकीकडे आणि नातू दुसरीकडे. पेटी वाजवणारा एकच होता. हाही सोडला.

एक रविवार आड पद्धत बदलणे सर्वांना न्याय्य वाटले, पण अडखळत बोलणाऱ्या तरुणाच्या आईने एका वाक्यात ते मोडीत काढले: “मग आम्ही एक रविवार आड यायचं का?”

उरला तो पर्याय असा, की एकाच उपासनेत प्रत्येक भागाला त्याच्या स्वभावाप्रमाणे प्रार्थनेचा प्रकार द्यायचा, आणि लांब, मोकळी, मोठ्याने होणारी प्रार्थना शुक्रवारी चर्चमध्येच, पाळकांच्या उपस्थितीत घ्यायची. कसोटी एकच ठेवली. या प्रार्थनेला शेजारच्याने ‘आमेन’ म्हणायचे आहे का? म्हणायचे असेल तर ती त्याला स्पष्ट ऐकू आली पाहिजे, म्हणजे एकच आवाज किंवा एकच मजकूर. ती माणूस आणि देव यांच्यातली असेल तर मौन. आणि साऱ्या मंडळीचा एकाच विषयावरचा आक्रोश असेल तर सर्वांचे आवाज एकदम, पण विषय एक आणि वेळ थोडा.

प्रयोग लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सहा रविवारांपुरता करायचा आणि ईस्टरनंतर पुन्हा बसायचे ठरले. मुदत ठरवल्याने विरोध करणाऱ्यांनाही ‘सहा रविवार बघू’ म्हणता आले.

केलेली कृती

पापांगीकार. आधी मौन, मग सर्वांनी मिळून छापील मजकूर. व्यक्तिगत पाप मौनात देवापुढे ठेवायचे आणि सर्वांचे मिळून असलेले पाप शब्दांत म्हणायचे. स्वतःचे विशिष्ट पाप मोठ्याने बोलायला कुणालाही सांगायचे नाही, हा नियम त्या बाईच्या अनुभवानंतर लेखी केला.

मिळून म्हणायच्या मजकुरात अडचण होती ती लयीची. पुढचे बाक एक ओळ पुढे आणि मागचे अर्धी ओळ मागे राहत. प्रभूच्या प्रार्थनेत कुणी ‘पित्या’ म्हणे, कुणी ‘बापा’. कुणी ‘ऋणे’, कुणी ‘अपराध’. उपाय साधे होते. एकच पाठ मोठ्या अक्षरांत छापून बाकांवर ठेवला. ओळी श्वासाप्रमाणे तोडल्या, एका ओळीत सहासात शब्द. नेत्याने पहिले संबोधन एकट्याने म्हणायचे, दुसऱ्या शब्दापासून सर्वांनी धरायचे, आणि पहिली ओळ झाली की नेत्याने माईकपासून एक पाऊल मागे यायचे. माईकवर एकाचा आवाज राहिला की बाकीचे त्याच्या मागे मागे पुटपुटतात. तो गेला की एकमेकांना ऐकून बोलतात आणि लय आपोआप सापडते.

मध्यस्थी. इथे एक जुना साचा घेतला. रोमन कॅथलिक उपासनेत गुड फ्रायडेला दहा विनंत्या असतात: आधी विषय सांगतात, मग सर्वजण मौनाने प्रार्थना करतात, मग एकजण त्या साऱ्यांच्या प्रार्थना गोळा करणारी छोटी प्रार्थना म्हणतो आणि सर्वजण ‘आमेन’ म्हणतात. आवाज आणि मौन एकाच कडीत येतात. कमिटीने रविवारसाठी चार विषय ठेवले: मंडळी, गाव आणि देश, आजारी व दुःखी, आणि त्या आठवड्याचा एक विषय. विषय एका वाक्यात, नंतर मौन, नंतर दोन वाक्यांची प्रार्थना. सातऐवजी पाच मिनिटांत भाग संपू लागला.

आजाऱ्यांची नावे त्या व्यक्तीच्या किंवा घरच्यांच्या परवानगीनेच घ्यायची. घरगुती भांडण, कर्ज, लग्न मोडणे असले विषय माईकवर कधीही नाहीत. दाराशी वही ठेवली. त्यात विषय लिहिताना ‘मोठ्याने चालेल’ किंवा ‘फक्त पाळकांसाठी’ अशी खूण करायची. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीवर पोहोचते, हे दुखणे आपल्या अनेक मंडळ्यांत आहे, आणि त्यावर वहीइतका स्वस्त उपाय नाही.

सर्वांनी एकदम मोठ्याने. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, मध्यस्थीच्या शेवटच्या विषयावर, तीन मिनिटे. सुरुवातीलाच नेत्याने सांगायचे की ज्याला मनातल्या मनात करायची त्याने तशी करावी, आणि शेजाऱ्याला हात लावू नये. विषय सांगून झाला की माईक बंद. आवाज कमी करायचा नाही, बटणच बंद करायचे. कीबोर्डही बंद.

शुक्रवार. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, चर्चमध्ये, स्पीकरशिवाय. इथे मोठ्याने प्रार्थनेला मिनिटांची मर्यादा नाही, पण दर विषयानंतर एक वचन वाचायचे.

काय बिघडले आणि कसे दुरुस्त केले

मौनापासून सुरू करू, कारण तेच सर्वांत कठीण निघाले. पहिल्या रविवारी पापांगीकाराआधी दोन मिनिटांचे मौन ठेवले. चाळीसेक सेकंदांनी माणसे डोळे उघडून बघू लागली. पाळक विसरले की काय, अशी कुजबुज झाली. दुसऱ्या रविवारी ते वीस सेकंदांवर आणले आणि दर आठवड्याला थोडे वाढवत सहाव्या रविवारी दीड मिनिटावर नेले. नेत्याने घड्याळाकडे बघितले की लोकही बघतात, म्हणून सात नेहमीचे श्वास म्हणजे साधारण अर्धे मिनिट, असे मोजायला शिकवले. मौनाआधी ‘मौन प्रार्थना’ एवढेच न म्हणता मनाला धरायला एक गोष्ट द्यायची, जसे ‘या आठवड्यात ज्याच्याशी कठोर बोललो त्याला आठवू या’. पंखे त्या वेळेपुरते एक घर कमी केले. उशिरा येणाऱ्यांना मौन संपेपर्यंत दारात थांबवण्याचे काम दोन तरुणांनी घेतले.

तीन मिनिटांची मोठी प्रार्थना थांबवायची कशी, हा दुसरा पेच. माईक बंद असल्याने नेत्याचा आवाज पोहोचत नव्हता. पहिल्यांदा पितळी घंटी वाजवली. ती शाळा सुटल्यासारखी वाटली आणि काहीजण वाक्याच्या मध्येच तुटले. मग पेटीचा उपाय सुचवला गेला: तीन मिनिटे होत आली की पेटीवाल्याने षड्ज धरायचा, दहा-बारा सेकंद तसाच ठेवायचा, आणि मग सर्वांना पाठ असलेल्या भजनाचे ध्रुवपद उचलायचे. आवाज एकेक करून त्या सुरात मिसळतात. मराठी मंडळीच्या कानाला हे आधीच माहीत असते, कारण कीर्तनात बोलणे संपून गाणे सुरू होते ते असेच.

ऐकू न येणारी एक आठ वर्षांची मुलगी मंडळीत होती, आणि तिचा विचार पहिल्या आराखड्यात कुणीच केला नव्हता. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना प्रार्थना सुरू कधी झाली, संपली कधी, हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. तिला आईसह पहिल्या बाकावर बसवले. नेता प्रार्थनेच्या सुरुवातीला हात जोडून छातीशी आणतो आणि शेवटी दोन्ही तळवे उघडतो. पुढे इतर मुलेही ती खूण करू लागली.

परिणाम

ईस्टरनंतरच्या बैठकीत चार विषयांची मध्यस्थी आणि पापांगीकाराआधीचे मौन एकमताने कायम झाले. पहिल्या रविवारच्या तीन मिनिटांवर मतदान घ्यावे लागले आणि ते थोड्या फरकाने टिकले.

अडखळत बोलणारा तरुण परत आला. शेजाऱ्याला हात लावायचा नाही, हे वाक्य त्याच्यासाठीच होते, हे त्याला समजले असावे. ती बाई महिला मंडळाच्या दोघींनी घरी जाऊन भेटल्यावर आली. ती अजून शेवटच्या बाकावर बसते आणि वहीत ‘फक्त पाळकांसाठी’ अशी खूण करून लिहिते. तिच्या नवऱ्याला व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी नगरला नेण्यात पाळकसाहेबांना यश आले. तो टिकला की नाही हे सांगायला अजून वेळ आहे.

शुक्रवारच्या गटातली दोन घरे दुसऱ्या फेलोशिपला गेली ती गेलीच. त्यांना तीन मिनिटे फार थोडी वाटली, आणि त्यांच्या अपेक्षेत खोट काढायचे कारण नाही. उलट बाजूचे एक आजोबा अजूनही पहिल्या रविवारी तीन मिनिटे निंबाखाली उभे राहतात. पेटीचा षड्ज ऐकू आला की आत येतात आणि ध्रुवपद धरतात. कमिटीने त्यांना काही म्हणायचे नाही असे ठरवले आहे.

वेगळे काय करता आले असते

तरुण संघाला पहिल्यांदा होकार देताना पाळकसाहेबांनी पंधरा मिनिटे बसून चार प्रश्न विचारायला हवे होते: विषय कोणता, किती मिनिटे, माईक कुणाकडे, थांबवणार कसे. या चारांपैकी एकाचेही उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हते. नंतरचा अर्धा वाद माईकने निर्माण केला होता. पहिल्याच रविवारी बटण बंद असते तर तो किती पेटला असता, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

मोजणीही आधी व्हायला हवी होती. वीस सेकंदांचा आकडा पहिल्या बैठकीतच समोर आला असता तर बंदीची घोषणा झालीच नसती.

त्या बाईच्या बाबतीत उशीर झाला. गोष्ट गल्लीत गेल्याचे महिला मंडळाला तिसऱ्या दिवशी माहीत होते. भेट झाली दोन महिन्यांनी. मधल्या काळात कमिटी वचनांवर वाद घालत होती. क्रम उलटा हवा होता: आधी तिच्या घरी जायचे, मग शास्त्राभ्यास.

आणि मुलांना कुणी विचारले नाही. संडे स्कूलच्या शिक्षिकेने उन्हाळ्याच्या सुट्टीत ते केले. तिने मुलांना चारही प्रकार एकेक आठवडा करायला लावले. बहुतेकांना मिळून म्हणायची प्रार्थना आवडली, कारण ‘चुकलं तरी कळत नाही’. ऐकू न येणाऱ्या मुलीने वहीत हात उघडण्याची खूण काढून दाखवली. आता संडे स्कूलची प्रार्थना त्याच खुणेने संपते.